राजाचं एका शपथेवाचून काय अडलं होतं?

आमच्या लायब्ररीत रिटायर्ड मंडळींचा इतिहासाचा गट आहे. तिथे बोलायला माझ्या वाट्याला इंग्लंडचा तो सहा लग्नं करणारा राजा आला, तेव्हा बायको खो खो हसली. "बरोब्बर माणसाला दिलाय," म्हणाली. "तुम्हीही आपल्या मराठी मंडळाची घटना बदललीतच की!"

मी चिडलो. एक तर मी कुणाचं डोकं उडवलेलं नाही. आणि तो विषय मला नकोच होता. माझा तीस वर्षांपासूनचा मित्र त्या रविवारी आमचं हे वेस्ट विंडसर गाव सोडून कायमचा टेक्सासला मुलीकडे निघाला होता, आणि त्या घटनेपायी सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. मित्र औषधांच्या संशोधनात, पण मंडळाचा गणपती तोच बसवायचा, अगदी सोवळं नेसून. शाळेचा हॉल शनिवारीच मिळतो, म्हणून बाप्पा दरवर्षी चतुर्थीनंतरच्या शनिवारी यायचे. त्या वर्षी हॉल मिळाला तो चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी. "नंतर चालवून घेतो रे, पण आधी कसा बसवू?" तो म्हणाला. मी अध्यक्ष. पार्किंगपासून मोदकांपर्यंत सगळं ठरलेलं. हा कोण लागून गेला? मी घटनेत दुरुस्तीच केली: धार्मिक बाबतीत अध्यक्षांचा निर्णय अंतिम. कमिटीतल्या बाकी सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. त्याने कागद वाचला, माझ्याकडे परत सरकवला, पळी-पंचपात्राची पिशवी उचलली आणि गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पूजा मी फोनवर मंत्र लावून उरकली.

आता हा राजा. पोप पहिलं लग्न रद्द करून देईना, तर या पठ्ठ्याने पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की चर्चचा प्रमुख मीच! मग सगळ्यांना शपथा घ्यायला लावल्या. त्याचा एक जुना प्रधान होता. त्याच्या बागेत राजा त्याच्या गळ्यात हात टाकून फिरायचा. तो प्रधान काही शपथ घेईना. विरोधात चकार शब्द नाही, नुसता गप्प. कोर्टात म्हणाला, कायद्याने गप्प राहणं म्हणजे संमतीच. अरेच्चा, हे तर आपलं मौनं संमतिलक्षणम्! तरी त्याचं डोकं उडवलंच.

मला कोडं पडलं. पार्लमेंट खिशात, बिशप खिशात. मग त्या एका शपथेवाचून राजाचं काय अडलं होतं? चार दिवस पुस्तकं धुंडाळली. राजकारणाची कारणं ढीगभर होती, पण मला एकही पटेना. शेवटी बायकोलाच विचारलं.

ती भाजी चिरत होती. "बाकीच्यांनी भीतीने घेतली, हे राजाला कळत होतं हो. हा एक हो म्हणाला असता, तर आपलं बरोबर आहे असं त्यालाही वाटलं असतं." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुमचा तो कागद अजून ड्रॉवरमध्ये का आहे?"

त्या कागदावर मित्राच्या सहीची रेघ अजून रिकामी आहे.

फोन न करताच मी ड्राइव्ह करत मित्राकडे गेलो. गराजमध्ये तो खोक्यांना टेप लावत होता. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टेप लावायला लागला.

"तेव्हा सही का केली नाहीस रे?" मी विचारलं.

"तू मला विचारलंस कुठे? तू कागद पुढे केलास."

सहा वर्षं मी त्याच्या आडमुठेपणाच्या गोष्टी लोकांना सांगत होतो. मला भयंकर लाज वाटली. "चुकलं माझं, यार," म्हटलं. "आज विचारतो. यंदा माझ्या घरी गणपती बसवशील?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या मौनाचा अर्थ लावायची आता माझी छाती नव्हती, म्हणून उभा राहिलो. मग त्याने एका खोक्याची टेप फाडली, पळी-पंचपात्राची पिशवी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडे ठेव. येईन मी," तो म्हणाला. "पण चतुर्थीला. शनिवारी नाही."