गडावरलं लेकरू

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, गडाच्या कुशीतल्या ठाकूरवाडीत ठकी राहते. सत्तरी ओलांडली, पण करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन कर्जतचा बाजार गाठायची खोड काही सुटत नाही. बाजारात तिला सगळे राणीसाहेब म्हणतात. “राणीसाहेब, वाटा केवढ्याला?” असं गिऱ्हाईक डोळे मिचकावत विचारतं, आणि ठकीही मानेला झटका देऊन भाव चढवूनच सांगते.

हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलेलं. ‘गडावरलं लेकरू आपल्या दुधाचं,’ असं तिची आय सांगायची. फार पूर्वी शत्रूनं गड घेतला तेव्हा राजाचं तान्हं वरच दगावलं म्हणे. मग काय, लेकरू आपलं म्हणजे आपण राजाच्या रक्ताच्या, हे ठकीनं जन्मभर छाती फुगवून गावाला ऐकवलं. नवरा हसला, सुना पदर तोंडाला लावून हसल्या. त्याचं तिला काही वाटत नसे. पण कुणी आईला थापाडी म्हटलं की बिचारीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. आईची म्हणून तिच्यापाशी एवढी एक गोष्टच तर उरली होती.

गेल्या वर्षी गडावरचं टाकं साफ करताना चुन्याच्या थराखाली दोन सांगाडे निघाले. एक बाई आणि तिच्या कवेत लहानगं मूल. राणी आणि युवराज, असं छापूनसुद्धा आलं. हाडं तपासणाऱ्यांत जवळच्याच पोशीर गावची रोहिणी होती. राजघराण्याचे आजचे वारस मालोजीराव, त्यांचा नमुना तिनं घेतलाच. मग ठकीची ख्याती ऐकून वाडीवरही आली.

“आजी, तोंडातली मशेरी थुंका आधी.”

“रगत बघायचं तर सुई टोच की गं. तोंडात काय बघतेस?”

रोहिणीनं हसत समजावलं, की आईकडून लेकीला एक खूण मिळते आणि ती गालाच्या आतही सापडते. कापसाची काडी गालात फिरली. आईची खूण, एवढंच ठकीला कळलं, आणि तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला.

रोहिणी परत आली ती भातकापणीच्या सुमारास. ओटीवर ठकीच्या शेजारी टेकली.

“आजी, मूल मालोजीरावांच्या घराण्यातलंच आहे. पण तुमचं-त्याचं रक्ताचं नातं नाही.”

ठकीचा चेहरा उतरला. “म्हंजे आय खोटं बोलली.”

“ऐका तरी. ती बाई राणी नव्हे, त्याची आईच नव्हे. तिची खूण तुमच्याशी जुळली, म्हणजे ती तुमच्या आईच्या आईकडची, तुमची पूर्वज. त्याला पाजणारी दाई असावी.”

ठकीनं आईचे शब्द ओठांत पुटपुटून पाहिले. दूधच म्हणाली होती आय. रक्त तर ठकीनं पदरचं घातलं होतं! “माजी आय गं ती!” म्हणत ती हसायला लागली, आणि हसता हसता ढसाढसा रडली.

मालोजीराव मुलाच्या अस्थी आपल्या गावी न्यायला आले. बाईचं कुणी विचारलंच नव्हतं. ठकी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“सायेब, लेकरू नेऊ नका. तिनं मरताना बी त्याला सोडलं नाय.”

मालोजीरावांनी दोन्ही सांगाड्यांकडे पाहिलं. मग त्यांनी गडावरच एक खड्डा खणायला सांगितला. दोघांची हाडं जशी सापडली तशीच ठेवली. पहिली माती वारसानं द्यायची. मालोजीरावांनी मूठ भरली, आणि ते थांबले.

“आधी तुम्ही द्या, बाई. त्याच्याजवळ तुमचं माणूस होतं. आमचं कुणी नव्हतं.”