तांबोळी मॅडमचे प्लास्टिक

शमीम तांबोळी आपल्याच कारखान्याचा माल मातीत पुरत असत. सणसवाडीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर कुंड्या होत्या. प्रत्येक बॅचमधल्या प्लास्टिकची एक पट्टी एखाद्या कुंडीत जाई आणि पाहुणा आला की चहाच्या चमच्याने माती उकरली जाई. मी बातमीसाठी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर ओली माती ठेवली. "शोधा आता प्लास्टिक."

मला सापडले नाही.

"मग तसंच लिहा. सापडलं न्हाई म्हणून."

मॅडम दौंडच्या. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. साखर कारखान्यातून येणारी दाट काळी मळी त्या टाकीतल्या जिवाणूंना खाऊ घालत आणि मग त्यांचा नत्राचा पुरवठा तोडत. खायला भरपूर, पण वाढायला नत्र नाही, अशा कोंडीत जिवाणू जास्तीचे अन्न दाण्यांच्या रूपात पोटात साठवतात. ते दाणे म्हणजेच प्लास्टिक.

"म्हणजे चरबीच की," मी म्हणालो.

"व्हय. आपली कमरेवर दिसते, त्यांची सूक्ष्मदर्शकात."

हे दाणे घडवणाऱ्या एंझाइमला त्या कारागीर म्हणत. "एक कडी आणायची, साखळीला जोडायची. साखळी हातातनं सोडायची न्हाई, की लगेच दुसरी कडी. मातीतल्या जिवाणूंचा कारागीर उलट्या कामाचा. तो कड्या सोडवतो. जोडणारा आन् सोडवणारा दोघं असतील, तरच मी त्याला माल म्हणते."

या प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, म्हणजे तण दाबायला वाफ्यावर पसरायचा कागद, खुटबावच्या कलिंगडांना अंथरला गेला. फळ पिकण्याआधीच तो विरला आणि तण वर आले. तिथले एक शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, चिंध्या पिशवीत भरून कारखान्यात आले.

"मॅडम, कलिंगड अजून वेलावर आन् कागद मातीत. त्याला कुठं लगनाला जायचं व्हतं?"

"चूक माझी हाय, आप्पा. पातळ झाला. जाड करून देते."

कारखान्याच्या मालकांना दुसरा उपाय सुचला. थोडे जिवाणूंचे प्लास्टिक, बाकी साधे. "शेतात टिकेल, नंतर तुकडे होतील. कुणाला दिसणार नाही."

"दिसणार न्हाई आन् जाणार न्हाई, यात फरक हाय, साहेब."

मालकांनी तोच मिसळीचा कागद काढला. खुटबावला शेतकरी मेळावा ठरला. मॅडमनी तिथे कागद कुजतो एवढेच सांगायचे होते. नाही तर सोमवारपासून कामावर यायचे नव्हते. दौंडचे घर त्यांच्याच पगारावर चालत होते.

मेळाव्यात त्यांनी माईक घेतला. "हा नवा कागद टिकाऊ हाय. हंगामात फाटणार न्हाई. पण कुजणार बी न्हाई. त्याचे बारीक तुकडे व्हतील आन् तुमच्या नातवंडांच्या रानात बी ते असतील."

मालकांनी माईककडे हात नेला. मॅडमनी माईक दुसऱ्या हातात धरला.

पुढच्या रांगेतून आप्पांनी विचारले, "मग आधीचाच जाड करून का न्हाई आणला?"

"ते मला नका इचारू. साहेब बसलेत की." आणि त्यांनी माईक मालकांपुढे धरला. मालक म्हणाले, तांत्रिक बाबी तपासून घेऊ. मांडवात कोणीतरी हसले. त्या दिवशी एकाही रोलची नोंदणी झाली नाही.

सोमवारी मॅडम नेहमीच्या वेळी कारखान्यावर गेल्या. मीही गेलो होतो. वॉचमनने गेटवरच त्यांची डब्याची पिशवी आणि चष्मा आणून दिला. त्या आणखी काही मागतील, असे त्याला वाटले असावे.

"मॅडम, साब ने बोला है, बॅक्टेरिया की एक भी शीशी बाहर नहीं जाएगी."

"राहू द्या त्यांच्यापाशी," मॅडमनी चष्मा लावला. "मी ते मातीतनं काढले व्हते. माती गेटच्या बाहेर बी हाय."