आगंतुकांची वही

भिंगारच्या आमच्या क्वार्टरमध्ये, हॉलच्या खिडकीखाली, तीन फुटी काचेच्या टाकीत मी खारं पाणी सांभाळते. त्यात प्रवाळाचे चार तुकडे, माशांची एक जोडी आणि पुण्याहून आणलेले भोकाभोकांचे दगड आहेत. हे दगड ‘जिवंत’ म्हणून विकतात, आणि ते खरं असतं. भोकांत काय काय दडून येतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. महिना-दोन महिने गेले की एकेक जण तोंड बाहेर काढतो.

मी एका सरकारी कार्यालयाचं स्टोअर बघते. नोंद केल्याशिवाय मला वस्तू दिसतच नाही, असं नवरा म्हणतो. म्हणून या मंडळींसाठीही एक वही घातली. वर लिहिलं, ‘आगंतुक’. खाली रकाने आखले: कसा दिसतो, खातो काय, त्रास काय, आणि शेवटी ‘ठेवणे की काढणे’. पाच बारीक हातांचा एक जीव निघाला, तारामाशाच्या भाऊबंदांपैकी. ठेवणे. काचेसारखी पारदर्शक फुलं निघाली, ती प्रवाळाला डसतात. काढणे. ती मी कात्रीने छाटली आणि आठवड्याभरात एकाची सात झाली.

वडील तेव्हा आमच्याकडे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भावाने त्यांना श्रीरामपूरकडून आणून सोडलं होतं, आठ दिवसांच्या बोलीवर. त्याला चार महिने झाले. भाऊ न्यायला आला नाही, मीही पाठवलं नाही. लेकीच्या घरी बापाने मुक्काम ठोकू नये, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. दर शनिवारी ते म्हणायचे, “सोमवारी जातो.” मी म्हणायचे, “बघू.” ‘राहा’ हा शब्द मला सुचत नव्हता असं नाही. एकदा तो म्हटला की त्यांचं उरलेलं सगळं आयुष्य त्यात येतं, हे मला कळत होतं, म्हणून मी तो म्हणत नव्हते.

टाकी त्यांना पसंत नव्हती. कालव्याच्या पाण्याने त्यांचं निम्मं रान चोपण झालेलं. जमिनीवर मीठ फुटायचं आणि पेरलेलं उगवायचं नाही. टाकीच्या कडेला साचलेला पांढरा थर त्यांनी नखाने खरवडून पाहिला. “आमी जलमभर रानातलं मीठ काढत बसलो,” ते म्हणाले, “आन तू इकत आनून पान्यात घालती.” पण ऑपरेशननंतर लख्ख दिसायला लागलं होतं आणि टीव्हीचा त्यांना कंटाळा, त्यामुळे खुर्ची हळूहळू टाकीसमोर आली. छाटलेली फुलं बघून म्हणाले, “हराळीच्या जातीचं हाय ह्ये. तोडलं की वाढतं.” हे मी त्यांना आधी विचारायला हवं होतं.

मग गोगलगाई मरायला लागल्या. काचेवरचं शेवाळ खायला मी त्या मुद्दाम सोडलेल्या. रोज सकाळी एक शंख रिकामा. त्याच आठवड्यात दगडाखालून वीतभर लांबीचा केसाळ किडा निघाला, हुबेहूब गोम, आणि एका शंखात तोंड खुपसून बसला. चोर मुद्देमालासकट सापडला, आणखी काय हवं? मी वहीत लिहिलं: गोम, गोगलगाई खाते, काढणे. चिमट्याने ओढून काढताना तिचे केस बोटात घुसले आणि दोन दिवस बोट ठणकत राहिलं. गोम मेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक शंख रिकामा.

वडिलांनी तो शंख तळहातावर घेऊन फिरवून पाहिला. “कडंला फोडलाय. गोम कशानं फोडल? ती मेलेलं खात हुती बिचारी. ह्ये खेकड्याचं काम हाय.”

“अण्णा, टाकीत खेकडा नाहीये.”

“आमच्या बांधात बी न्हवता. बांध फुटला तवा कळलं.”

संध्याकाळी टाकीचा दिवा बंद केल्यावर त्यांनी दोऱ्याला सुक्या बोंबलाचा तुकडा बांधला आणि एका भोकासमोर सोडला. लहानपणी ओढ्यावर ते असेच खेकडे धरायचे. पाऊण तास त्यांचा हात हलला नाही. मग दोरा ताणला गेला. नाण्याएवढा खेकडा, पाय केसाळ, नांग्यांची टोकं काळी. बोंबील सोडवेना, म्हणून तो दोऱ्याबरोबर वर आला.

‘काढणे,’ मी लिहिलं. वडिलांनी मात्र तो टाकून दिला नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतलं पाणी घेतलं, आत एक दगड ठेवला, आणि रोज त्याला बोंबील घालू लागले. “त्यानं मुद्दाम थोडंच केलं?” ते म्हणाले. “दगडात हुता, दगडासंगं आला.”

पुढच्या शुक्रवारी टाकीत आणखी कुणीतरी वळवळताना दिसलं, म्हणून मी वही उघडली. खेकड्याच्या खाली एक नवी ओळ होती. अक्षर वडिलांचं. कसा दिसतो: म्हातारा. खातो काय: दोन भाकरी, च्या. त्रास काय: खोकला. शेवटचा रकाना कोरा.

मला आधी हसू आलं. मग लाज वाटली, कान गरम होईपर्यंत. ते टाकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. थट्टाच केली होती त्यांनी. पण नुसती थट्टा असती तर तो रकानाही त्यांनी भरला असता. मी पट्टी घेतली, स्टोअरमध्ये चुकीची नोंद खोडतात तशी ती ओळ आडवी खोडली आणि शेजारी सही केली.

“अण्णा,” मी म्हणाले, “ही वही न बोलावता आलेल्यांची आहे. तुमची नोंद चुकून झालीय. तुम्ही राहा इथंच.”

ते वळले नाहीत. “लेकीच्या घरी बापानं किती दिस ऱ्हायाचं?”

“बरणीतल्याला बोंबील कोण घालणार?”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळचा चहा झाला, दुपारचं जेवण झालं, दिवेलागण झाली. त्यांनी सोमवारचं नाव काढलं नाही.