रोहण्याच्या आकाशातला फुगवटा

"रोहण्याचा डेटा काढून टाक आणि रिपोर्ट पाठव," साठे सर पुण्याहून फोनवर म्हणाले. सर आमचे प्रोजेक्ट हेड. "तो रिसीव्हर बिघडलाय."

बिघडला नव्हता. पण आमच्या धंद्यात नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं.

आमचं काम असं. फार उंचावरच्या हवेत ऊन इलेक्ट्रॉन मोकळे करतं. जीपीएसचा सिग्नल त्या थरातून येताना रखडतो आणि खाली जागा काही मीटर चुकते. म्हणून कुठल्या वेळी डोक्यावर किती इलेक्ट्रॉन असतील, याचा अंदाज देणारी मॉडेल्स असतात. मी त्या मॉडेल्सची परीक्षा घेते. अंदाज एकीकडे, रिसीव्हरनं मोजलेलं दुसरीकडे.

ग्राहक होता फवारणीचे ड्रोन बनवणारा. त्याला स्वस्तातलं जुनं मॉडेल हवं होतं. दक्षिणेकडच्या सगळ्या स्टेशनांवर ते पास झालं, एकट्या रोहण्यात नापास. दुपारी रोहण्याच्या ग्राफवर मोठा फुगवटा यायचा आणि मॉडेलला त्याचा पत्ताच नसायचा. माझा डेटा खरा असेल, तर त्या मॉडेलवरचा ड्रोन आमच्याकडे शेजाऱ्याच्या संत्र्यावर औषध मारून आला असता.

रोहणा, म्हणजे आर्वी तालुक्यातलं माझं गाव. अँटेना मावशीच्या स्लॅबवर मीच बसवली होती. "घरचंच स्टेशन आहे ना," असं मीटिंगमध्ये कुणीतरी हसून म्हणालंही होतं. ते मला चांगलंच झोंबलं होतं. बॅग भरली आणि गावी गेले.

स्लॅबवर चढले आणि पाहते तर काय! अँटेनाच्या चारी बाजूंनी टिनाचे पत्रे आणि पत्र्यांवर कुरड्या. पत्र्यावरून सिग्नल उसळून अँटेनात शिरला, की मोजणी गडबडते. म्हणजे सर बरोबर होते की काय?

"मावशी, हे वाळवण खाली घ्या लागते."

"काऊन वं? माह्या कुरड्यांनं तुह्या सॅटेलाइटले काय करून राह्यलं?"

"कुरड्यांनं नाई, टिनानं."

"मंग टिन ने. कुरड्या इथंच राह्यतीन."

शेवटी सुती लुगड्यावर तडजोड झाली. पत्रे खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बसून राहिले. दुपार झाली आणि फुगवटा उगवला, होता तसाच. मला इतका आनंद झाला की मी मावशीला मिठीच मारली.

"सांगतलं नव्हतं तुले?" मावशी म्हणाली.

सरांना मात्र एवढ्यानं पटेना. ते स्वतः आले, वेगळ्या कंपनीचा रिसीव्हर घेऊन. तो माझ्या रिसीव्हरशेजारी ठेवला. दुपारी दोन्ही ग्राफ हातात हात घालून वर चढले.

सरांनी दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवून पाहिले. "पण मग सगळ्या स्टेशनांच्या आपल्या सरासरीत हे दिसलं कसं नाही?"

"सर, दुपारी दक्षिणेकडे वर उठलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत येतात आणि आपल्या मध्य भारतावर साचतात. तिकडच्या स्टेशनांना हा ढीग दिसतच नाही. त्यात आपली सरासरी चोवीस तासांची. जुनं मॉडेल रात्रीचे सोपे मार्क घेतं आणि दुपारचं नापास झाकून टाकतं. ड्रोन रात्री उडतात का?"

सर हसले. मावशीनं तळलेल्या कुरड्यांची ताटली पुढे केली. "घ्या साहेब. याच्यावरच आळ आलता."

रिपोर्ट बदलला. मार्क आता तासांप्रमाणे दिले जातात. जुनं मॉडेल बाद झालं आणि ग्राहकानं नवं घेतलं. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर सरांनी स्वतः लिहिलं, 'मध्य भारतासाठी रोहणा स्टेशन प्रमाण मानावं.' ते वाक्य मी मावशीला वाचून दाखवलं, आणि खरं सांगते, दोनदा वाचलं.

मॉडेल आणि आकाश जुळत नसेल, तर आधी वाळवण उचलून पाहावं. तरीही जुळलं नाही, तर आकाशाला दोष देऊ नये.