आबांचं सोडलेलं दूध

सकाळी आबा पाळी संपवून घरी आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. माय चहा ठेवत होती. मी शाळेत शिकवायला निघाले होते.

"दुसरी कथी शे?" मी विचारलं.

आबांनी खाली पाहिलं. त्यांना तेव्हाच कळलं. "पडनी व्हई कथी तरी," ते म्हणाले.

महिन्याभरातला हा दुसरा जोड. चप्पल पायातून निसटते आणि माणूस आमच्या लिंबायत वस्तीच्या खडबडीत रस्त्यावरून एक पाय अनवाणी चालत येतो, तरी त्याला पत्ता नसतो. मी आधी हसले आणि मग रागावले. मी रागावले की घरातली अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत बोलायचे, म्हणून आबांना तो राग कधी खराच वाटला नाही. "माले काय व्हयेल नही," एवढं म्हणून ते आंघोळीला गेले.

शहरातली प्लेगची पळापळ होऊन दोनेक वर्षं झाली होती. आबा वीस वर्षांपासून लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर होते. एकटे चार लूम सांभाळायचे. तार, म्हणजे विणायचा धागा, तुटली की दोन बोटांत दोन्ही टोकं धरून गाठ मारायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं, हे ते इतक्या झटकन करायचे की नव्या कारीगरांना बघायला उभं करत. तेच आबा आता सदऱ्याची बटणं लावायला मायला हाक मारू लागले होते. हातापायाला मुंग्या येतात म्हणायचे, पाय कापसावर ठेवल्यासारखा वाटतो म्हणायचे. पण विचारलं की काही झालेलं नाही.

झालेलं नव्हतं, तरी उपाय मात्र सगळी गल्ली सांगत होती. डिंडोलीच्या काकांनी तांब्याचं कडं आणून हातात घातलं. शेजारच्या वहिनींनी टोचऱ्या दाण्यांची ॲक्युप्रेशरची चप्पल दिली, तेव्हा तिचं फार फॅड होतं. आबा ती दिवसभर घालून बसले. संध्याकाळी काढली तर तळव्याला रक्त. दुखलं नाही का, विचारलं तर म्हणाले, अजिबात नाही, छान चप्पल आहे. मी ती वहिनींना परत नेऊन दिली आणि वरून बोलणी खाल्ली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे, कमजोरी आहे म्हणाले. ताकदीची एक गोड बाटली दिली आणि गोळ्या दिल्या. दीड महिन्यात आबांच्या तोंडावर खरंच तजेला आला. माय खूश, काका खूश. मी एकटीच बघत होते की आबा आता भिंतीला हात लावून चालतात.

याच दिवसांत मी चौथीच्या वर्गाला जीवनसत्त्वं शिकवत होते. आमची शाळा मराठी माध्यमाची. वर्गात तक्ता टांगलेला. अ नसेल तर रातांधळेपणा, ब नसेल तर बेरीबेरी, क नसेल तर स्कर्व्ही, ड नसेल तर मुडदूस. साठ मुलं एका सुरात म्हणायची, मी पट्टी फिरवायचे, आणि घरी माणूस पायातली चप्पल हरवत होता. त्या तक्त्याचा माझ्या घराशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बेरीबेरी झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मी फक्त मुलांकडून तो शब्द शुद्ध लिहून घ्यायचे.

मग एक दिवस खात्याच्या शेठने आबांना दुपारीच घरी पाठवलं. तार तुटली होती आणि आबांना गाठ मारता येईना. तीनदा टोकं हातातून सुटली. तोवर शेजारच्या लूमवर कापड खराब झालं. शेठ ओरडला नाही. "काका, थोडा आराम करो," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं आबा नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आबांना दोन्ही पाय जुळवून उभं केलं आणि म्हणाली, "काका, आँखें बंद करो." आबांनी डोळे मिटले आणि सरळ माझ्या अंगावर कलले. मग तिने धातूचा चिमटा वाजवून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लावला. थरथर कळते का? आबा म्हणाले, कसली थरथर?

ती खुर्चीत बसली आणि खाण्याचं विचारू लागली. भाकरी, डाळ, ठेचा, भाजी. मांस-अंडं आमच्या घरात कधीच नव्हतं. दूध? आबा भिंतीकडे बघू लागले. दही, ताक? मी म्हटलं, त्यांना दूध जड पडतं, चहासुद्धा कोरा घेतात. कधीपासून? नऊ वर्षं झाली, आबा भिंतीकडेच बघत म्हणाले.

तेव्हा तिने समजावलं. ब गटातलंच एक जीवनसत्त्व आहे, बी-बारा. ते भाजी-भाकरीत नसतं, दूध-दही-अंड्यांतून मिळतं. यकृतात त्याचा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून लवकर कळत नाही. साठा संपला की रक्त उतरतं आणि नसा खराब होतात. गल्लीतल्या गोळ्यांनी रक्त सुधारलं, नसा तशाच राहिल्या. इंजेक्शनं घ्यावी लागतील. उशीर झालाय, किती भरून येईल सांगता येत नाही. आणि दूध सुरू करा.

घरी येऊन मी दुधाचा पेला आबांपुढे ठेवला. त्यांनी तो बोटाने दूर सारला.

"एक पेला दूध, आबा. कुणी विष देत नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"त्यास्नी दूध सोडेल शे," माय चुलीकडे तोंड करून म्हणाली. मला चौदाव्या वर्षी विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप उतरला नव्हता. तेव्हा म्हणे आबा गडावरच्या देवीला नवस बोलले होते की पोरगी वाचली तर दूध सोडेन. दूध त्यांचं सगळ्यात आवडतं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. नऊ वर्षं प्रसादाचा प्रत्येक पेढा कपाळाला लावून ते मला देत आले आणि मी तो खात आले. "मला विचारलं होतं का?" मी म्हटलं. "तुमचे पाय जाऊन मी जगायचं, असं देवी म्हणाली होती का?"

"देवीले सबद दियेल शे," आबा शांतपणे म्हणाले. "दियेल सबद परत लेतस का?" मग त्यांनी विचारलं, "त्या इंजेक्शनमा दूध शे का?"

दुसऱ्या दिवशी मी खरोखर कंपाउंडरला विचारायला गेले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बहेन, लाल रंगाचं आहे, दिसत नाही का?" म्हणाला. त्या लाल रंगावर आबा तयार झाले.

इंजेक्शन आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. प्रत्येक वेळी त्यांना बाहेर काढायला मला भांडावं लागे. आज अमावस्या आहे, आज पाऊस आहे, आज बरं वाटतंय. बरं वाटतंय म्हणून औषध सोडणाऱ्या माणसाशी कोणत्या भाषेत भांडायचं हे मला अजून कळलेलं नाही. तीन महिन्यांनी एका दुपारी माय घरी कामाला आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. आबांनी त्यातले दोन तुकडे उचलले आणि गाठ मारली. ओढून पाहिली. पुन्हा एक मारली. मायने आणखी दोन तुकडे त्यांच्याकडे सरकवले.

ते कामावर गेले, पण चार नाही, दोन लूमवर. बोटं आली, पाय पूर्ण आले नाहीत. अंधार पडला की चालताना त्यांना कुणाचा तरी खांदा लागायचा तो लागायचाच. आणि गल्लीत ते सगळ्यांना हातातलं तांब्याचं कडं दाखवायचे, "ह्यानामुळे." काकांनी तसली आणखी चार कडी आणून वाटली.

मी शाळेतल्या तक्त्यावर 'ब'च्या पुढे पेनाने दूध, दही, अंडी लिहिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून अंडी खोडायला लावली. पालक तक्रार करतील म्हणाले. मी खोडली, पण इतक्या बारीक रेघेने की वाचता यावीत.

आबांनी दूध शेवटपर्यंत घेतलं नाही. दर महिन्याला बाही वर करून दंड पुढे करायचे, दुसरीकडे बघत राहायचे आणि सुई निघाली की माझ्याकडे वळून म्हणायचे, "कितली वाळी गयी तू. दूध पेत जाय."