चौदाव्या शतकातला प्लेग शिकवताना

पौडजवळच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं इतिहास शिकवतोय. दुसऱ्या वर्षाला युरोपचा एक पेपर असतो, त्यात चौदाव्या शतकातला मोठा प्लेग येतो. तो धडा मला तोंडपाठ होता. जहाजांबरोबर रोग आला, गावंच्या गावं ओस पडली, शेतात राबायला माणूस उरला नाही, म्हणून मजुराला भाव आला आणि सरंजामशाही खिळखिळी झाली. या मुद्द्यांमध्ये एक वाक्य असायचं: भीतीपोटी लोकांनी आपल्या माणसांनाही टाकून दिलं. तिथं मी जरा थांबायचो. तेव्हाचा समाज किती खचला होता, हे सांगताना माझा आवाज चढायचा.

मग करोनाची दुसरी लाट आली. माझा थोरला भाऊ माले या आमच्या गावी शेती करायचा. वडील लवकर गेले तेव्हा त्याने सातवीतून शाळा सोडून औत धरलं आणि मला शिकायला पाठवलं. माझ्या घरापासून त्याचं घर मोटारसायकलवर अर्ध्या तासाचंही नाही. त्याला ताप आला, मग धाप लागली. वहिनीचा फोन आला.

"भावजी, ह्यांना श्वास घेववत न्हाई. तुमी येता का? सारखं तुमचं नाव काढत्यात."

"मी बेडचं बघतो, वहिनी. मिळाला की लगेच गाडी पाठवतो."

ते खोटं नव्हतं. दोन दिवस मी फोनला चिकटून होतो. पण मालेला गेलो नाही. बायकोला दमा, मुलगी लहान. कारणं खरी होती, पण त्यांच्या खाली नुसती भीती होती आणि ती मला तेव्हाही कळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो, वाटेतल्या पुलापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. बायकोला आणि फोनवर वहिनीलाही सांगितलं, पोलिसांनी रस्ता बंद केलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेड मिळाला. गाडी पोचायच्या आत भाऊ गेला. स्मशानाबाहेर मी लांब रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. अंगभर प्लास्टिक चढवलेल्या अनोळखी माणसांनी त्याला सरणावर ठेवलं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं. प्लेगचा धडा आला, ते वाक्यही आलं. या वेळी माझा आवाज चढला नाही. ताम्हिणीकडून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, जे पळाले, त्यातले काही जगले असतील ना?"

"हो. पुष्कळ जगले."

"मग ते नंतर कसे राहिले? म्हंजे, घरात?"

पुस्तकात वाढलेली मजुरी होती, भूदासांची सुटका होती, राजांचे कायदे होते. हे नव्हतं. पुढच्या तासाला बघू, एवढंच मी म्हणालो.

त्या रविवारी मालेला गेलो. भाऊ गेल्यापासून वहिनीशी मी धड बोललोच नव्हतो. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"वहिनी, रस्ता बंद नव्हता. मी घाबरलो. पुलापर्यंत येऊन परत गेलो."

तिचे हात थांबले.

"शेवटच्या दिशी त्यांनी दोनदा इचारलं, धाकला आला का म्हनून."

"मग?"

"मी सांगितलं, आलाय. अंगनात हुबा हाय, डाक्टरनी कुनाला आत सोडू नका म्हनलंय. तर म्हनले, त्याला म्हनावं लांबच ऱ्हा. लेकरू लहान हाय त्याचं."

मी तिथंच पडवीच्या कडेला बसून रडलो. ती रडली नाही. तिने मला गप्पही केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी आला न्हाई, ते मी इसरनार न्हाई, भावजी. पर आता येत जावा."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. शेत आता वहिनीच बघते. लावणीला बाया मिळत नाहीत, म्हणून यंदा तिने अर्ध्याच खाचरांत भात लावला. मीही चिखलात उतरलो. मला ते नीट जमत नाही, माझी रोपं कलंडतात. ती मागून येते आणि एकेक रोप सरळ करत जाते.