जांभळी कड

मंगळवारी दुपारी माझी पत्नी गेली. तेरावा झाल्यावर नेमाने घरी येणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे वरच्या मजल्यावरचा आमचा शेजारी.

तो सुप्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि घरी आल्यावर मोबाईलचं एक ॲप बनवत बसतो. त्यात संगणकाने काढलेली चित्रं दिसतात. आपण दोन निवडायची, मग दोन्हींचे गुण घेऊन नवी चित्रं जन्माला येतात. त्याचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. त्यामुळे असेल, पण तो चित्रही मान तिरकी करून, बैलासारखं सगळ्या बाजूंनी न्याहाळतो. माझी पत्नी होती तेव्हा तो रोज तिला चित्रं दाखवायला यायचा.

"काकू, ह्याची ठेवण चांगली हाय, पर अंगात दम न्हाई."

"बैल विकतोस का रे?" म्हणत ती हसायची आणि हटकून जांभळ्या कडेचं चित्र निवडायची.

ॲप नव्याने बांधताना जुनी चित्रं पुसली जाणार, हे त्यानेच सांगितलं होतं. तिची चित्रं ठेव, असं म्हणायचा मला धीर झाला नाही. परवा तो आला आणि चहाआधीच त्याने मोबाईल माझ्या हातात दिला.

"काकूंची समदी चित्रं नव्यात आनलीत. लई खटपट झाली, पर वंश बुडवायचा न्हाई. आता जोडी तुमी निवडा, काका."

"चुकली तर?"

"मग फुडच्या पिढीत सुधारंल की."

मी आता रोज दोन चित्रं निवडतो. जांभळी कड अजून आहे.